स्टीमरसकट एकच तिकीट

मिल बंद झाली त्या हिवाळ्यापासून प्रभावती तायडेच्या घराचं दार आतल्या बाजूने खडूने भरायला लागलं.

दार साधंच, निळ्या रंगाचं, दोन फळ्यांचं. इंदूरमध्ये मिलवाल्यांच्या वस्त्यांना फेल म्हणतात, तिथल्या सगळ्या घरांना असतं तसं. त्यावर भाऊरावांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, एक मोठा वाकडातिकडा गोल काढला होता. गोलाच्या तळाशी इंदूर. तिथून वर कटनी, मुगलसराय, गया, पाटणा. मग एक नागमोडी रेघ, ती गंगा. रेघेच्या पलीकडे वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, आणि उतरताना सारनाथ करून परत इंदूर. नागमोडी रेघेवर धूर सोडणारी एक बोट होती. ती काही त्यांना जमली नव्हती, चपलेसारखी दिसायची. पण केर काढताना प्रभावतीचा पदर लागून तिचा धूर जरी पुसला गेला, तरी भाऊराव दिवसभर धुसफुसत बसायचे.

आणि हे सगळं सुरू तिनेच केलं होतं, याचीच तिला जास्त चीड होती.

प्रभावती सरकारी दवाखान्यात नर्स होती. निम्म्या वस्तीची बाळंतपणं तिच्या हातून झालेली, त्यामुळे रस्त्याने चालताना कुणी ना कुणी पोर ‘जय भीम सिस्टर’ म्हणायचंच. संध्याकाळी ती महिला मंडळाचं काम बघायची. मंडळ काढलं होतं सुमनमावशींनी. सुमनमावशी महूच्या, वडील पलटणीत होते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, शिवणकाम करून एकटीने राहिलेली बाई. वय झालं होतं, पण बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन चटया घालायच्या त्याच.

जानेवारीतल्या एका बैठकीत प्रभावतीनेच विषय काढला, की येत्या बुद्धपौर्णिमेला आपण सगळ्याजणी गयेला जाऊ. बायका खूश झाल्या. कुणी सारनाथ म्हणालं, कुणी लुंबिनी. सुमनमावशी सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या,

"मला वैशालीला जायचंय. बाकी तुम्ही कुठंही न्या."

"वैशालीला काय आहे मावशी?" एका सुनेने विचारलं.

"तिथं बायांना पहिल्यांदा संघात घेतलं. बुद्धांना वाढवणारी गौतमी कपिलवस्तूहून पायी चालत आली होती, पाचशे बाया घेऊन. पाय सुजले होते तिचे. दाराबाहेर रडत उभी राहिली. ते दार बघायचंय मला."

दार आता कुठलं असणार, हे कुणी बोललं नाही. बैठक प्रभावतीच्याच घरी होती आणि पडद्यामागे खाटेवर भाऊराव पडलेले होते. मिलच्या फाटकाला नोटीस लागून तेव्हा महिनाच झाला होता. तीस वर्षं साचेखात्यात, मागांवर, काढलेला माणूस, शेवटची कितीतरी वर्षं जॉबर म्हणजे मुकादम, हाताखाली बायका-पोरं असलेले बाप्ये. रोज सकाळी आंघोळ करून फाटकावर जायचे, युनियनवाल्यांचं भाषण ऐकायचे, कोर्टात काय झालं ते ऐकायचे, आणि दुपारी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे. त्या दिवशी पडद्यामागून आवाज आला,

"एकच तिकीट निघतं."

बायका दचकल्या. भाऊराव बनियनवरच बाहेर आले, मग परत आत जाऊन शर्ट घालून आले.

"आमचे वडील लढाईत आसामला गेले होते ना, तवा गाडी गंगेपर्यंत, मग त्याच तिकिटावर स्टीमर, मग पल्ल्याड परत गाडी. वेगळं काही काढायचंच नाही. आणि रेल्वे गोल तिकीट देते, सर्कुलर. इथून निघायचं, जागोजाग उतरायचं, इथंच परत यायचं. स्टीमरसकट. मी काढून देतो. तुम्ही बायांनी काही बघायचं नाही."

मिल बंद झाल्यावर पहिल्यांदाच नवरा सरळ बसून बोलत होता. प्रभावतीने मान डोलावली. नंतर वर्षभर ती त्या मान डोलावण्याला शिव्या घालत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून भाऊराव फाटकावरून परस्पर स्टेशनवर जायला लागले. खिडकीमागच्या बाबूने पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं. गोल तिकीट मिळतं, तो म्हणाला, पण तुम्ही सांगता तो रस्ता आमच्या छापील यादीत नाही. अर्ज करा, वर जाईल, वरून किराया ठरून येईल.

"किती दिवस लागतील?"

"भाऊसाब, ऊपर का ऊपरवाला जाने."

अर्ज वर गेला. आला तो परत, की उतरायच्या जागा जास्त झाल्या, कमी करा. भाऊरावांनी दारावरची गावं पुसली, नवी लिहिली. राजगीर गेलं, नालंदा गेलं. मंडळातल्या एका बाईला राजगीरच हवं होतं, ती रुसली. प्रभावती तिच्या घरी जाऊन समजूत काढून आली. अर्ज पुन्हा वर गेला. या वेळी उत्तर आलं, की स्टीमरची माहिती या कार्यालयाकडे नाही, संबंधित रेल्वेकडे विचारणा करावी. भाऊरावांनी पाटण्याला उत्तराच्या कार्डासकट जोडकार्ड टाकलं. उत्तराची वाट पाहता पाहता पौर्णिमा गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे प्रभावतीने मागितलेली रजा तिला स्वतः जाऊन रद्द करावी लागली.

"सिस्टर, तुम्ही जाताय का नाही जात, एकदा ठरवा," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या जागी माणूस मागवून ठेवला होता."

घरी येऊन तिने पिशवी खाटेवर टाकली. भाऊराव स्टुलावर उभं राहून दारावर काहीतरी लिहीत होते.

"अहो, ती बोट काढून टाका ना त्यातून. पाटण्याला पूल झालाय. लोक बसने जातात पलीकडे."

"पुलावरून गेलं तर गोल तुटतो."

"तुटू द्या."

"तुटला तर इकडचं तिकीट वेगळं, तिकडचं वेगळं. मग त्यात काय राहिलं?" ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "एक धागा तुटला की साचा थांबवायचा असतो, जोडायचा असतो. तसंच पुढे रेटलं तर कापडाचं सगळं थान खराब."

हा साचा नाही, असं तिच्या ओठावर आलं होतं. तिने चहा टाकला.

पावसाळ्यात गंगेला पूर, तेव्हा प्रश्नच नव्हता. दसऱ्याला जायचं ठरलं. आता भाऊरावांनी नवीनच घोळ घातला. गोल तिकीट मिळेल तेव्हा मिळेल, पण मधल्या गाड्यांमध्ये बसायला जागा तर हवी, म्हणून गया, पाटणा, गोरखपूर अशा सगळ्या स्टेशनांना तारा करायच्या. बाबू म्हणायचा, तिकीट दाखवा मग तार करतो. वरचं ऑफिस म्हणायचं, स्टीमर चालू आहे का ते सांगा मग तिकीट देतो. पाटण्याहून स्टीमरचं उत्तर येत नव्हतं. तीन ठिकाणी घोडं अडलेलं, आणि भाऊराव रोज त्या तिघांच्या मध्ये फेऱ्या मारत होते.

त्यांची मुलगी नंदिनी भंवरकुआंकडे युनिव्हर्सिटीत शिकत होती. ती एकदा म्हणाली, "पप्पा, पूछताछ में फोन लगा लो ना पटना का. एसटीडी बूथ आहे ना कोपऱ्यावर."

भाऊरावांनी फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला तर पलीकडचा माणूस ‘कौन स्टीमर?’ म्हणाला आणि लाइन गेली. भाऊराव घरी येऊन म्हणाले, "बघा, नाही म्हणाला नाही. कोणता म्हणाला. म्हणजे एकाहून जास्त आहेत."

नंदिनी हसत सुटली. प्रभावतीला हसू आलं नाही. दवाखान्यात दुसरी रजाही तिने रद्द केली होती आणि डॉक्टरीणबाई आता तिच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. मंडळातल्या बायका समोर काही म्हणत नसत, पण नळावर प्रभावती गेली की बोलणं थांबायचं. ज्यांच्या घरचे बाप्ये मिलमध्येच होते त्या तरी समजून घ्यायच्या. बाकीच्यांचं म्हणणं एवढंच होतं, की तिकीट काढायला वर्ष लागतं का कुणाला.

तिला सगळ्यात जास्त राग याचा यायचा, की हे तिचं काम होतं. मंडळ तिचं, बायका तिच्या, कल्पना तिची. बैठकीत आता भाऊराव बसायचे आणि ती पाणी द्यायची. ते हातात खडू घेऊन दारासमोर उभे राहत आणि मुगलसरायला गाडी कशी हुकते ते समजावत. आवाज मोठा, साच्यांच्या खडखडाटात तीस वर्षं बोलून झालेला, चार घरं पलीकडे ऐकू जाणारा. बायका जांभया आवरत बसायच्या. काम काढून घ्यावं, तर हा माणूस परत भिंतीकडे तोंड करून झोपेल. न काढावं, तर आपलीच अब्रू चाललेली. कितीदा तरी ती ओल्या फडक्यासकट दारापुढे उभी राहिली आणि दार न पुसता परत फिरली.

डिसेंबरात अयोध्येत मशीद पडली आणि शहरं पेटली, इंदूरमध्येही तणाव होता, कुणी घराबाहेर पडेना. ते निवळलं आणि एका दुपारी सुमनमावशी दवाखान्यातच आल्या. बाकावर बसल्या, औषधाचं काही बोलेनात.

"प्रभे, रागावू नको. प्रतापरावांची बस जातेय. गया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी, वैशाली सगळं दाखवणार म्हणतात. बायांनी नावं दिली. माझंही दिलं."

प्रतापराव सर्वटे बसस्टँडसमोर बसत. पूर्वी त्यांचा एक ट्रक होता, आता दोन नव्या बसगाड्या घेतल्या होत्या, आत व्हिडिओ, मखमली पडदे, पाठीवर ‘यात्रा स्पेशल’. एकेक मिल बंद पडत होती तसं असलं एक नवं दुकान शहरात रोज उघडत होतं.

"मला आधी नाही सांगितलंत," प्रभावती म्हणाली.

"तुला सांगितलं असतं तर तू भाऊरावांना सांगितलं असतंस. मग ते म्हणाले असते आठ दिवस थांबा."

ते खरंच होतं. प्रभावतीने त्यांचं ब्लडप्रेशर बघितलं, गोळ्या बांधून दिल्या, रस्त्यात पाय वर घेऊन बसा म्हणाली. स्वतःचं नाव मात्र तिने दिलं नाही.

संध्याकाळी तिने घरी सांगून टाकलं. भाऊराव स्टुलावरून खाली उतरले.

"बसने? सगळ्याजणी?"

"सगळ्याजणी."

"एक महिना थांबल्या असत्या तर—"

"वर्ष थांबल्या त्या. मी थांबले. दोनदा रजा घालवली. अहो, नाहीये ते तिकीट. नसतंच तसं काही. तुमच्या वडिलांच्या वेळी असेल, आता नाहीये. कुणी तोंडावर सांगत नाही एवढंच."

"कुणी नाही म्हणालं नाही अजून."

"मिलच्या फाटकावर तरी कोण नाही म्हणालंय?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, जीभ आवरायला हवी होती. भाऊरावांनी खडू खिडकीत ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर पडले. जेवायच्या वेळी आले, जेवले, झोपले. भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी ते ना फाटकावर गेले ना स्टेशनवर. तिसऱ्या दिवशीही नाही. नंदिनी आईला म्हणाली, "तू कुछ बोली का पप्पाला?" प्रभावती तिच्यावरच खेकसली.

बस गेली आणि आली. बायका फुलून गेल्या होत्या, कुणी बोधिवृक्षाचं पान आणलं होतं, कुणी सारनाथची मूर्ती. सुमनमावशी मात्र बैठकीला आल्या नाहीत. प्रभावती त्यांच्या खोलीवर गेली, तर त्या पाय पाण्यात सोडून बसलेल्या. घोटे टम्म सुजलेले.

"झाली का वैशाली?"

"कुठली वैशाली." सुमनमावशींनी पाण्यात पाय आपटला. "पाटण्याला ड्रायव्हर म्हणाला, पुलावर जाम आहे, पुढे रस्ता खराब आहे, गाडी नव्वी आहे. वैशाली कॅन्सल. मी म्हणाले मला इथंच उतरव. तर सगळ्या बाया माझ्यावर ओरडल्या, मावशी आमचा वेळ जातो. माझ्याच मंडळातल्या बाया. आणि वर व्हिडिओ लावला त्याने, आवाज मोठा करून."

प्रभावतीने टॉवेल घेऊन त्यांचे पाय पुसले.

"मी मरायच्या आधी एकदा जाणार आहे, प्रभे. तू ने. भाऊरावाला घे बरोबर. आणि त्याला सांग, तिकीट कसलंही चालेल."

तिथून उठून प्रभावती घरी गेलीच नाही. टेंपोत बसून थेट स्टेशनवर गेली. खिडकीवर तोच बाबू होता. तिने कटनीची तीन तिकिटं मागितली. पुढचं कटनीला बघू. बाबूने पाच मिनिटांत तिकिटं फाडून दिली. त्या पाच मिनिटांचा तिला इतका संताप आला, की बाहेर येऊन ती काही वेळ नुसतीच टांग्यांपाशी उभी राहिली.

भाऊराव यायला तयार नव्हते. अशी काय यात्रा असते का, म्हणाले, पुढची गाडी माहीत नाही, जागा माहीत नाही. नंदिनीने त्यांची पिशवी भरली. सुमनमावशी स्वतः येऊन दारात बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही उठेपर्यंत मी उठत नाही. तेव्हा ते उठले. डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा रजा दिली. या वेळी सही केल्यावरच वर बघितलं.

प्रवास वाईटच झाला, त्यात गोड सांगण्यासारखं फार नाही. कटनीला पुढची गाडी निघून गेलेली. फलाटावर ताटकळत बसले. भाऊराव म्हणाले, मी सांगत होतो. मुगलसरायला जनरल डब्यात चढताना मावशींची एक चप्पल रुळांत पडली. भाऊराव म्हणाले, मी सांगत होतो. प्रभावतीने दात आवळून धरले. पाटणा येईपर्यंत नवरा-बायको एकमेकांशी बोलायचे थांबले होते आणि जे काय सांगायचं ते मावशींच्या मार्फत चाललं होतं.

पाटण्याला तिचा विचार सरळ होता. बस पकडायची, पूल ओलांडायचा, हाजीपूर, तिथून वैशाली. पण स्टेशनबाहेर आल्यावर भाऊरावांनी कुणालातरी विचारलं आणि ते महेंद्रू घाटाकडे चालू लागले. मागे न बघता. मावशीही त्यांच्या मागे निघाल्या, नव्या रबरी चपला फटफटत.

घाटावर रेल्वेची स्टीमर नव्हती. धक्क्याचे जुने खांब होते, एक बंद खोली होती, तिच्या भिंतीवरचं खिडकीचं भोक विटांनी बुजवलेलं होतं. चहावाल्याने सांगितलं की ती केव्हाच बंद झाली, पूल झाल्यावर कोण बसणार. भाऊराव त्या बुजवलेल्या खिडकीसमोर उभे राहिले. प्रभावतीला वाटलं होतं की हे बघून आपल्याला बरं वाटेल. तिला अजिबात बरं वाटलं नाही. नुसतं ऊन लागत होतं आणि भूक लागली होती.

"चला आता बसकडे," ती म्हणाली. दोन दिवसांनी थेट त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"लाँच जाती है," चहावाला म्हणाला. "प्राइवेट. भर जाएगी तो जाएगी."

"आपण लाँचने जाऊ," मावशी म्हणाल्या आणि गाठोड्यावर बसल्या.

लाँच भरायला सगळी सकाळ गेली. सायकली आल्या, दुधाच्या रिकाम्या कासंड्या आल्या, एक बकरी आली. निघाली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मार्चचा महिना, गंगेचं पाणी उतरलेलं, मध्ये वाळूची बेटंच बेटं. नदीच्या मध्यावर लाँच एकदा घासली, पुढे सरकली, परत घासली आणि रुतली ती रुतलीच. इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं. लाँचवाला म्हणाला, बाप्ये लोक उतरा, ढकलावं लागेल.

प्रभावतीने डोळे मिटून घेतले. आता हे म्हणणार, मी सांगत होतो.

पण भाऊराव विजार गुडघ्यापर्यंत दुमडत होते. ते उतरले. पाणी मांडीपर्यंत आलं. दहा-बारा बाप्ये उतरले होते, जो तो वेगळ्या बाजूने ढकलत होता, लाँच जागची हलत नव्हती. आणि मग भाऊरावांचा आवाज लागला. साचेखात्यातला आवाज. नदीवर तो केवढातरी मोठा वाटला.

"ए सायकलवाले भिया, इधर आ, मागे. तू पण. खांदा लाव, हात नको. सगळे एकदम. माझ्या आवाजावर."

त्या लोकांना मराठी कळत नव्हती, पण ते आले. भाऊराव ओरडले की ते ढकलायचे, ओरडले की थांबायचे. एका तरण्या माणसाला त्यांनी दंडाला धरून जागेवरून हलवलं, तो निमूट हलला. चौथ्या-पाचव्या वेळी लाँच खरखरली आणि सुटली. भाऊराव तोंडावर पडले, पाण्याखाली गेले, वर आले. दोघांनी त्यांना ओढून वर घेतलं. लाँचवाल्याने त्यांना बिडी दिली. ओल्या हाताने ती धरून ते लाँचच्या काठावर बसले, दम लागलेला, आणि सायकलवाल्याला काहीतरी समजावू लागले. खांदा कसा लावायचा ते.

प्रभावती बघत राहिली. तीस वर्षांत ती एकदाही साचेखात्यात गेली नव्हती. बायकांना आत सोडत नसत. हा माणूस दिवसभर काय करतो ते तिने कधी पाहिलेलं नव्हतं. घरी यायचा तो कानात कापूस आणि केसांत कापूस घेऊन आलेला, थकलेला, चिडका माणूस.

तिने पिशवीतून कोरडा शर्ट काढून पुढे केला.

"ताप येईल. बदला."

त्यांनी बदलला.

पलीकडे पोचेपर्यंत वैशालीची शेवटची बस गेलेली होती. मुक्काम हाजीपूरच्या एका धर्मशाळेत. तिथे पंखा नव्हता, यावरून दोघांचं परत वाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली आली. शेतं, आंब्याची झाडं, सिंहाचा एक खांब, विटांचा स्तूप, आणि लांबवर कुणी नाही. मावशी स्तूपापाशी चपला काढून उभ्या राहिल्या. वंदना म्हटली. मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "दार कुठल्या बाजूला असेल गं?"

प्रभावतीने राखणदाराला विचारलं तर तो खांबाची उंची सांगायला लागला. भाऊराव थोडा वेळ फिरून आले आणि म्हणाले,

"मावशी, कपिलवस्तू तिकडं, उत्तरेला. चालत आली म्हणजे तिकडूनच आली असणार. या बाजूला उभी राहिली असेल."

मावशी त्या बाजूला गेल्या. उन्हात उभ्या राहिल्या. बराच वेळ झाल्यावर प्रभावती छत्री घेऊन त्यांच्याजवळ गेली तर म्हणाल्या, "थांब जरा. ती उभी होती तेवढं तरी उभी राहू दे." त्यांचे घोटे परत सुजायला लागले होते. नर्स म्हणून प्रभावतीने त्यांना बसवायला हवं होतं. ती छत्री धरून उभी राहिली. थोड्या वेळाने मागे वळून पाहिलं, तर भाऊराव आंब्याखाली पालथे झोपले होते, तोंड उघडं टाकून.

परतीच्या वाटेवर त्यांनी कुशीनगर केलं नाही, लुंबिनी केलं नाही. मावशी म्हणाल्या, ती झाली माझी बसमधून. प्रभावतीची काहीच झाली नव्हती. सारनाथला अर्धा दिवस मिळाला तेवढाच. ती रुखरुख तिला लागून राहिली. पुढे नंदिनीचं लग्न, घरची आजारपणं यांत ती ठिकाणं राहून गेली ती गेलीच. याबद्दल ती भाऊरावांना बोलायची, आणि ते ऐकून घ्यायचे.

मिल उघडली नाही. कोर्टात तारखा पडत राहिल्या. पावसाळ्याच्या तोंडावर भाऊरावांनी पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात गेटवर नोकरी धरली, पाइप बनायचे तिथे. निळा युनिफॉर्म, शिट्टी, सकाळी अंधारात न्यायला येणारी कंपनीची गाडी. त्यांना ती नोकरी मुळीच आवडली नाही. आत मशीन आपोआप चालतात, माणूस नुसता उभा असतो, कुणाचा आवाज नाही, असं ते रोज येऊन सांगायचे. रोज तेच. प्रभावती भाकरी थापता थापता हं हं म्हणायची. कधीकधी तव्यावरून नजर न काढता विचारायची, "मग तुमच्या खात्यात कसं होतं?" की ते सुरू व्हायचे, मोठ्या आवाजात, आणि शेजारची बाई भिंतीवर थाप मारेपर्यंत थांबायचे नाहीत.